बॅस्टिल बघायला निघालेले काका

आमच्या युरोप सहलीत पॅरिसच्या वाट्याला फार वेळ येत नाही. आयफेल टॉवर, सीन नदीतली बोटीची फेरी, खरेदी, की बस पुढे. बॅस्टिल कार्यक्रमात नसतंच, कारण तिथे आता किल्ला नाही. पण त्या गटात रत्नागिरीकडचे एक काका होते. सुतारकामात आयुष्य गेलेलं, गडकिल्ल्यांचं वेड. फ्रेंच क्रांतीत लोकांनी बॅस्टिलचा किल्ला घेतला ती १४ जुलै १७८९ ही तारीख शाळेपासून डोक्यात बसलेली. मोकळी दुपार मिळाली तसे म्हणाले, "ताई, तेवढं बॅस्टिल दाखवा." आणखी काही जण तयार झाले आणि आम्ही निघालो.

चौकात उंच खांब आहे, वर सोनेरी पुतळा. सगळ्यांनी फोटो काढले. तो खांब १८३० च्या क्रांतीचा आहे, हे मला सांगावं लागलं. काका चारी बाजूंनी बघत होते. "बुरूज कुठायत?"

बुरूज आठ होते, भिंती सुमारे चोवीस मीटर उंच. पाडाव झाल्यावर लगेच किल्ला पाडायला घेतला आणि त्याचे काही दगड सीनवरच्या काँकॉर्द पुलाला लागले. मी सगळ्यांना मेट्रोच्या पाच नंबरच्या मार्गिकेच्या फलाटावर नेलं. खोदकामात सापडलेले बॅस्टिलचे दगड तिथे राखून ठेवलेत. मग वर रस्त्यात जिथे वेगळ्या दगडांनी किल्ल्याची बाह्यरेषा आखली आहे, तिथे आलो. येणारी-जाणारी वाहनं सांभाळत काकांनी बुरुजाचा घेर पावलांनी मोजला.

"एवढी भिंत साध्या माणसांनी कशी घेतली?"

मी पावापासून सुरुवात केली. १७८८ च्या जुलैत गारपिटीने पीक झोपवलं, वर हिवाळा भयंकर गेला. पुढच्या जुलैत चार पौंडी पाव साडेचौदा सूला (सू म्हणजे तेव्हाचं फ्रेंच नाणं) होता आणि मजुराची दिवसाची कमाई वीस-तीस सू. त्यात लोकांचा विश्वास असलेला मंत्री नेकर याला राजाने काढलं आणि शहराभोवती फौजा आणल्या. १४ तारखेच्या सकाळी लोकांनी इन्व्हालिद या लष्करी इमारतीतून तीसेक हजार बंदुका उचलल्या, पण बंदुकीची दारू नव्हती. ती बॅस्टिलमध्ये होती, अडीचशे पिंपं. किल्ला तुरुंगही होता, म्हणून कैदी सोडवायला गेले असं सर्रास सांगतात. आत कैदी होते सात. लोकांकडचे शंभरेक मेले. लोकांना सामील झालेल्या सैनिकांनी तोफा आणून दरवाजासमोर लावल्या, तेव्हा संध्याकाळी पाचच्या सुमारास किल्लेदार द लोने शरण आला. नंतर जमावाने त्याला ठार केलं, हेही मी गाळत नाही.

काकांचा पुढचा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. "ती माणसं धंदा काय करायची?"

याचं उत्तर आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. किल्ला घेणाऱ्यांची अधिकृत यादी झाली, त्यात ९५४ नावं. पुष्कळ जण चौकाला लागूनच असलेल्या सेंट आंत्वान वस्तीतले: सुतार, कुलूपं करणारे, चांभार. धुणं धुणारी एक बाईसुद्धा.

"सुतार?" काका थांबले. "मग त्या वस्तीत चला."

त्या रस्त्याच्या आतल्या चौकांमधून पूर्वी लाकूडकामाचे कारखाने होते. आता बहुतेक ठिकाणी कचेऱ्या आहेत. एका चौकात मात्र फर्निचर दुरुस्त करणारा माणूस दार उघडं ठेवून काम करत होता. काकांनी लांबूनच नमस्कार केला आणि तळहात पुढे धरले. त्याने त्यांच्या घट्ट्यांकडे बघितलं आणि आत बोलावलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. जुन्या खणाचा सांधा, रंधा, पटाशी यांवर त्यांचं बोलणं चाललं, आणि दुभाषी म्हणून माझी गरजच पडली नाही.

परतताना कोणीतरी विचारलं, तेव्हा आपल्याकडे कोण होतं? पुण्यात सवाई माधवराव पंधरा वर्षांचे, कारभार नाना फडणवीसांच्या हाती. रामशास्त्री प्रभुणे त्याच वर्षी गेले. न्यूयॉर्कमध्ये एप्रिलमध्येच वॉशिंग्टनने अध्यक्षपदाची शपथ घेतली होती. पॅरिसच्या नव्या नागरी फौजेचा सेनापती लाफायेत याने बॅस्टिलची किल्ली पुढे वॉशिंग्टनलाच पाठवली. ती आजही वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननच्या घरी आहे.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये काकांनी माइक मागून घेतला आणि न आलेल्यांना सगळं सांगितलं, पावाच्या भावासकट. मागून एक आजी म्हणाल्या, "मग पाव मिळाला का त्यांना?" काकांनी माइक माझ्याकडे दिला. लगेच नाही मिळाला, मी म्हटलं. ५ ऑक्टोबरला हजारो बायका पावासाठी भर पावसात व्हर्सायला, राजाच्या वाड्यावर, चालत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाराणीला सोबत घेऊनच पॅरिसला परतल्या.