सगळी उत्तरं बरोबर होती

मी अकाउंट रिकव्हरीत काम करते. पासवर्ड विसरला, फोन हरवला की लोक आमच्याकडे येतात आणि समोरचा माणूस खरंच तोच आहे का हे आम्ही ठरवायचं, तेही नुसत्या चॅटवर, चेहरा नाही की आवाज नाही.

गेल्या आठवड्यात एकाच अकाउंटवर दोन तिकिटं, म्हणजे मदतीच्या विनंत्या, आली. पहिल्याने धडाधड सांगितलं, जन्मतारीख, जुना नंबर, पहिली शाळा, अकाउंट कुठल्या वर्षी उघडलं तेसुद्धा. आयपी, म्हणजे इंटरनेटचा पत्ताही नेहमीचाच, म्हणून ओळख पटल्याचा स्कोअर आणखी वर गेला. मी ईमेल बदलून दिला.

दोन तासांनी दुसरी आली. शाळेचं नाव चुकलं, म्हणाली तेव्हा बहुतेक खोटंच टाकलं होतं. वर्ष आठवेना. फोन नवा, आयपी नवा, सिस्टिमने सरळ लाल दाखवलं. मी नकार टाइप करतच होते तेवढ्यात तिचा मेसेज आला, "मला अकाउंट नाही दिलं तरी चालेल, पण त्याला माझे मेसेज वाचू देऊ नका. मी ते घर सोडलंय, फोन तिथेच राहिला."

मग लॉग, म्हणजे अकाउंटवरच्या हालचालींची नोंद, परत वाचला आणि पोटात गोळाच आला. नेहमीचा आयपी म्हणजे त्या घरातलं वायफाय. आम्ही त्याचेच मार्क दिले, आणि घर सोडलं म्हणून तिचे कापले! गूगलच्या संशोधकांनी २०१५ सालीच दाखवलंय की अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्या ४० टक्के लोकांना गरजेच्या वेळी स्वतःचीच उत्तरं आठवली नाहीत. बरोबर आहे, आपण ती एकदा टाकतो आणि विसरतो, पाठ करून येतो तो दुसराच कुणीतरी. तरी आमच्याकडे अजून हेच प्रश्न चालू आहेत, कारण स्वस्त पडतात.

मी अकाउंट फ्रीज केलं, सगळीकडून लॉगआउट केलं. पण तोवर त्याने पूर्ण डेटा डाउनलोड केलेला होता, लॉगमध्ये वेळेसकट दिसतंय. सिनियर म्हणाले, प्रोसिजरप्रमाणे तुझी चूक नाही. असेल, पण ईमेल मी बदलला ना.

तिने विचारलं, "त्याने काय काय बघितलं तेवढं तरी सांगा." उत्तर माझ्या स्क्रीनवरच होतं. पण लॉगची माहिती फक्त अकाउंटच्या मालकाला देता येते, आणि आमच्या सिस्टिमच्या लेखी ती अजून मालक ठरलेली नाही. तिकीट अजून उघडंच आहे.