माल समोर दिसत असताना ‘शिल्लक नाही’ का म्हणतो?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. सरकारी रुग्णालयाच्या भांडाराची देखरेख मी 22 वर्षे केली. या काळात डॉक्टरांनी, परिचारिकांनी आणि घरच्या माणसांनीही मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला : मांडणीवर खोकी रचलेली डोळ्यांना दिसत असताना भांडारपाल ‘शिल्लक नाही’ असे का सांगतो, आणि जे द्यायचे तेही मागणीपत्रावर सही झाल्याशिवाय का देत नाही? या प्रश्नामागची चीड मला समजते, कारण विचारणाऱ्याच्या मागे बहुधा एखादा रुग्ण वाट पाहत असतो. म्हणूनच ‘नियम आहे’ एवढ्यावर त्याची बोळवण करणे मला कधी पटले नाही.

पहिली गोष्ट अशी की, भांडारात असलेला माल आणि देण्याजोगा माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काल उतरलेली खोकी मालासोबत आलेल्या चलनाप्रमाणे मोजून घेतलेली असतात, पण तपासणी पूर्ण होऊन ती साठ्यात जमा होईपर्यंत त्यांतला एकही नग बाहेर जाऊ शकत नाही. एखाद्या बॅचबद्दल तक्रार आली असेल, तर ती वेगळ्या जागी, कुलपात, निर्णयाची वाट पाहत पडून असते. मुदत संपलेला मालही निर्लेखनाचा, म्हणजे तो साठ्यातून कमी करण्याचा, आदेश येईपर्यंत तिथेच असतो. लसींचे तर आणखी कठीण, कारण बहुतेक लसी 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात आणि धनुर्वातासारख्या ज्या लसींमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात, त्या एकदा गोठल्या की निकामी होतात. वितळल्यानंतर कुपी वरवर पाहता पहिल्यासारखीच दिसते. लसींनी भरलेल्या शीतकपाटासमोर उभे राहून मी ‘यातली एकही देता येणार नाही’ असे सांगितले आहे, आणि त्या वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसलेला अविश्वास अजून विसरलेलो नाही.

मागणीपत्राचे कारण मात्र अधिक खोलवरचे आहे, आणि ते मला एका चुकीतून कळले. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आमच्याकडे दिवसाला साधारण 40 आयव्ही सेट, म्हणजे शिरेतून सलाइन देण्यासाठी लागणारे नळ्यांचे संच, लागत. मागणी नोंदवल्यापासून माल हाती येईपर्यंत 45 दिवस जात, म्हणजे तेवढ्या काळासाठी 1,800 सेट हवेत. त्यावर पुरवठ्यातला उशीर आणि अचानक वाढणारी गरज यांसाठी आणखी 600, हा सुरक्षित साठा. वहीतील शिल्लक 2,400 वर आली की नवी मागणी पाठवायची, असा आमचा हिशेब होता. रात्रपाळीला कोणी धावत आले की मी वीस-तीस सेट हातात देत असे आणि ‘चिठ्ठी सकाळी पाठवा’ असे म्हणत असे. सकाळी चिठ्ठी येत नसे, आणि मागायला मला संकोच वाटे. असे करता करता वहीत 2,400 दिसत होते तेव्हा मांडणीवर 1,900 च उरले होते. त्या खेपेला पुरवठादाराला बारा दिवसांचा उशीर झाला. सुरक्षित साठा खरोखर जागेवर असता, तर तो उशीर कोणाला जाणवलाही नसता. प्रत्यक्षात शेवटचे नऊ-दहा दिवस आम्ही दुसऱ्या रुग्णालयातून उसने सेट आणून काढले.

त्या प्रसंगात चोरी कोणी केली नव्हती. सगळे सेट रुग्णांसाठीच वापरले गेले होते, आणि मी ते चांगल्या मनानेच दिले होते. परंतु नोंद न करता दिलेला प्रत्येक नग दोन ठिकाणी खोटे बोलतो : आज शिल्लक फुगवून दाखवतो, आणि पुढच्या वर्षाची गरज ठरवताना खप कमी दाखवतो, कारण जो खप कागदावर आलाच नाही त्यासाठी तरतूद कोण मागणार? मागणीपत्र हे समोरच्यावरच्या अविश्वासाचे लक्षण आहे, असा समज अजूनही आहे. माझ्या दृष्टीने त्या कागदावरची सही म्हणजे ‘हे इथे वापरले गेले, पुन्हा लागेल’ असे त्या विभागाने भांडाराला कळवणे होय.

यावर हमखास येणारा पुढचा प्रश्न म्हणजे, मग भरपूर मागवून का ठेवत नाही? किती मागवले असता मागणीचा आणि साठवणीचा एकत्रित खर्च सर्वांत कमी येतो, याचे सूत्र अमेरिकी अभियंते फोर्ड व्हिटमन हॅरिस यांनी 1913 मध्येच मांडले. सरकारी संस्थेत मात्र मागणीची वेळ बऱ्याचदा सूत्रापेक्षा अनुदान ठरवते, आणि वर्षअखेरीस एकदम उतरलेला माल पुढे एकाच वेळी मुदतीला येतो. म्हणून औषधांच्या बाबतीत आधी आलेले आधी द्यावे, यापेक्षा ज्याची मुदत आधी संपते ते आधी द्यावे, हा नियम महत्त्वाचा. मागच्या रांगेतली नवी खोकी सोडून मी पुढची जुनी देतो, त्यामागे हेच कारण असते.

वस्तूंची वर्षभराच्या खपाच्या किमतीनुसार अ, ब, क अशी वर्गवारी करून ज्यांवर सर्वाधिक पैसा जातो अशा थोड्या वस्तूंवर अधिक लक्ष ठेवायची पद्धत उपयोगी आहेच. पण रुग्णालयात तेवढ्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. प्राणवायूच्या नळकांड्याला लागणारे वॉशर किमतीने ‘क’ वर्गातही तळाला असेल, पण ते नसले तर भरलेले नळकांडे असूनही रुग्णाला प्राणवायू देता येत नाही. त्यामुळे किमतीच्या वर्गवारीबरोबर जीवनावश्यक, आवश्यक आणि इष्ट अशी दुसरी वर्गवारीही मी ठेवली, आणि दोहोंत मतभेद झाला की दुसरीचे ऐकले.

वर्षातून एकदा होणारी प्रत्यक्ष पडताळणी मला पुरेशी वाटत नसे. दर आठवड्याला काही वस्तू निवडून आम्ही मोजत असू, आणि मोजणाऱ्याला वहीतला आकडा आधी सांगत नसू. आकडा माहीत असला की डोळे आपोआप तेवढेच नग मोजतात. तफावत निघाली की आकडा दुरुस्त करण्याआधी कारण शोधायचे, हा आग्रह मी शेवटपर्यंत सोडला नाही. कधी दहाच्या पाकिटाची नोंद एक नग म्हणून झालेली असे, तर कधी एकाच वस्तूची दोन नावांनी दोन पाने उघडलेली असत.

आणि रात्री धावत येणाऱ्यांचे काय? त्यांना सहीसाठी ताटकळत ठेवणे मलाही सहन होत नव्हते. त्या आयव्ही सेटच्या प्रकरणानंतर आम्ही प्रत्येक कक्षात तातडीचे एक कपाट ठेवले, ज्यात ठरलेल्या वस्तू ठरलेल्या संख्येत असत आणि दाराच्या आतल्या बाजूला एक तक्ता लावलेला असे. रात्री परिचारिकेने कपाट उघडावे, हवे ते घ्यावे आणि तक्त्यावर वस्तू, संख्या आणि खाट क्रमांक लिहावा. सही कोणाची लागत नसे. सकाळी आठ वाजता भांडारातला माणूस कक्षांत फिरे, तक्ते वाचून कमी झालेले भरे आणि तीच संख्या वहीत खर्ची टाके.