रंगाखालचं काम : आमची वाटचाल

आमची फर्म कर्ब रंगवते. फुटपाथच्या कडा, दुभाजक, पार्किंगमधली बेटं, वसाहतींच्या आतल्या रस्त्यांचे कठडे. एवढंच काम आम्ही घेतो आणि ते मनापासून करतो.

सुरुवात मात्र घरांच्या भिंतींपासून झाली होती. भिंती संपत आल्या की ग्राहक म्हणायचे, ‘रंग उरलाच आहे, तर बाहेरच्या कडेलाही एक हात मारून द्या.’ भिंतीचा उरलेला रंग कडेवर का टिकणार नाही, हे समजावून सांगता सांगता आम्हाला या कामाची ओढ लागली. भिंतीला ऊन-पाऊस सोसावा लागतो. कर्बला ऊन-पावसाच्या जोडीला टायर घासतात, ऑईल उडतं, पायाशी तासन्‌तास पाणी साचतं आणि पाठीमागच्या मातीतली ओल सतत आतून बाहेर येत राहते. इतकं सोसणाऱ्या जागेचं काम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत उरकलं जातं, हे आम्हाला पटत नव्हतं. हळूहळू भिंतींची कामं कमी केली आणि कर्ब धरला.

या कडांना रंग देतात तो शोभेसाठी, असा समज फार आहे. खरं तर रात्री आणि पावसात रस्ता कुठे संपतो, हे चालवणाऱ्याला दिसावं म्हणून तो असतो. १९३९ साली ब्रिटनमध्ये युद्धामुळे रस्त्यांवरचे दिवे बंद झाले, गाड्यांचे दिवे झाकले गेले आणि अपघात वाढले. तेव्हा कर्ब दिसावेत म्हणून त्यांच्यावर पांढरे पट्टे ओढले होते. काळा-पांढरा पट्टा आजही त्याच कारणासाठी उपयोगी पडतो: दोन टोकांचे रंग शेजारी आले की अंधुक प्रकाशातही कड उठून दिसते.

काही ठिकाणी रंगांना कायद्याचा अर्थही असतो. कॅलिफोर्नियात लाल कर्ब म्हणजे गाडी थांबवायची नाही, पिवळा म्हणजे माल किंवा माणसं चढवण्या-उतरवण्यापुरतं थांबायचं, हिरवा म्हणजे ठरावीक वेळेपुरतं पार्किंग, निळा म्हणजे अपंगांसाठी राखीव जागा. ब्रिटनमध्ये कर्बवरच्या आखूड पिवळ्या रेघा मालाच्या चढ-उतारावरचे निर्बंध सांगतात. म्हणून ‘आमच्या गेटसमोर लाल मारून द्या, म्हणजे कोणी गाडी लावणार नाही’ अशी मागणी आली की आम्ही पहिल्यांदा विचारतो, रस्ता कोणाच्या ताब्यात आहे आणि त्यांची लेखी परवानगी आहे का? नसेल तर काम घेत नाही. काही कामं यामुळे गेली, आणि ती गेली याचं आम्हाला समाधान आहे. खोट्या खुणेवर विसंबून कोणी गाडी लावली किंवा लावली नाही, तर त्याचा त्रास तिसऱ्याच माणसाला होतो.

आता मूळ कामाबद्दल. कर्बचा रंग वर्षाच्या आत पोपडे धरून निघाला, तर बहुतेक वेळा दोष रंगात नसतो, रंगाच्या खाली असतो. आमचा सगळा धंदा या एका गोष्टीभोवती उभा राहिला, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

काँक्रीट नवीन असेल तर साधारण २८ दिवस थांबावं लागतं. ताज्या काँक्रीटमध्ये पाणी असतं आणि ते अत्यंत अल्कधर्मी असतं, पीएच १२ ते १३ पर्यंत. त्यावर ऑईल पेंट मारला तर रंगातलं तेल आणि काँक्रीटमधला अल्क (अल्कली) मिळून अक्षरशः साबण बनतो. रंग चिकट होतो, मग सुटतो. उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून ओल्या कर्बवर रंग मारायला सांगणारे भेटतातच. आम्ही तिथे थांबायला सांगतो. अगदीच निकड असेल तर अल्कली सोसणारा प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा हात) आणि त्यावर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग असा मार्ग असतो, पण तोही ओल मोजल्याशिवाय नाही.

ओल पाहायला महागडं यंत्र लागत नाही. साधारण ४५ सेंटिमीटर लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा काँक्रीटवर चारही बाजूंनी टेपने पक्का चिकटवायचा आणि किमान सोळा तास तसाच ठेवायचा. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डी ४२६३ या मानकातली हीच पद्धत आहे. कर्ब अरुंद असतो, त्यामुळे आम्ही तुकडा माथ्यावरून (वरची सपाट बाजू) तोंडावर (रस्त्याकडची उभी बाजू) वळवून लावतो. आतल्या बाजूला दव जमलं किंवा काँक्रीट काळवंडलं, तर आत ओल आहे. रंग लांबणीवर.

दुसरी परीक्षा पाण्याच्या थेंबाची. कर्बवर पाणी शिंपडायचं. ते पसरून आत मुरलं तर पृष्ठभाग रंग धरायला तयार आहे. मोत्यासारखं वर उभं राहिलं तर तिथे तेल आहे, जुना सीलर (पाणी आत मुरू न देणारा लेप) आहे किंवा काँक्रीट ओलं ठेवण्यासाठी मारलेलं क्युरिंग कंपाउंड अजून बसलेलं आहे. हे नुसत्या झाडूने जात नाही. तेल डिटर्जंटने आणि ताठ ब्रशने घासून काढावं लागतं, कंपाउंड खरवडून किंवा ग्राइंडरने. काँक्रीटवर सिमेंटचा एक भुसभुशीत थर तरंगून आलेला असतो, तोही काढावाच लागतो, नाहीतर रंग त्या थराला चिकटतो आणि थर कर्बला सोडतो. ॲसिडने धुणं झटपट होतं, पण आम्ही ते शक्यतो टाळतो. ॲसिड पूर्ण धुतलं गेलं नाही तर मागे राहिलेले क्षार पुन्हा रंग उचलतात, आणि वाहून गेलेलं ॲसिड पावसाच्या गटारात जातं. ते गटार बऱ्याच ठिकाणी कोणत्याही प्रक्रियेशिवाय थेट नदीला मिळतं. धुण्याचं पाणी अडवून उपसायचं, ब्रश गटाराच्या तोंडाशी धुवायचे नाहीत, हा नियम आमच्याकडे पहिल्यापासून आहे.

जुन्या पिवळ्या कर्बबद्दल आमचे मुकादम नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावतात: सुकं घासायचं नाही. जुन्या काळच्या पिवळ्या रंगात लेड क्रोमेट असायचं. ते घासलं की शिशाची धूळ उडते, आणि घासणारा माणूस ती घेऊन घरी लेकरांकडे जातो. अशा ठिकाणी आधी रंग तपासून घ्यायचा. शिसं निघालं तर त्या कामासाठी वेगळी तयारी लागते: ओलं खरवडणं, योग्य मास्क, कचरा बांधून वेगळा ठेवणं. ते परवडत नसेल तर काम सोडून द्यायचं.

हवामानही सांभाळावं लागतं. पृष्ठभागाचं तापमान साधारण १० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये हवं आणि दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचं दव जमतं त्यापेक्षा, निदान ३ अंश वर हवं. भर दुपारी तापलेल्या काँक्रीटवर रंग ओढताच सुकतो, आत शिरत नाही. पहाटे दव असतं. त्यामुळे आमचं काम बहुतेक सकाळी ऊन जरा चढल्यावर सुरू होतं. ‘हे लोक लवकर का येत नाहीत’, असं कोणी विचारलं तर कारण हे असतं.

रंग किती लागला पाहिजे, याचं गणित ग्राहकाने स्वतः करावं असं आम्हाला वाटतं. एक लिटर रंग एक चौरस मीटरवर सारखा पसरला तर ओला थर बरोबर १ मिलिमीटर होतो, म्हणजे १००० मायक्रॉन. एका हाताला २५० मायक्रॉन ओला थर हवा असेल तर एका लिटरमध्ये ४ चौरस मीटरच होतात. कर्बचं तोंड १५ सेंटिमीटर आणि माथा १५ सेंटिमीटर धरला, तर १०० मीटर लांबीचे ३० चौरस मीटर झाले. एका हाताला साडेसात लिटर, दोन हातांना पंधरा. खडबडीत काँक्रीट याहून जास्त पितं. कोणी येऊन एवढ्या लांबीला एका लहान डब्यात दोन हात देतो म्हणाला, तर एकतर थर अर्धा आहे किंवा रंगात पाणी आहे. रंग सुकल्यावर पाणी उडून जातं आणि थर जवळपास अर्ध्यावर येतो, म्हणून आधीच पातळ केलेल्या रंगात शेवटी फार थोडं उरतं.

आम्ही सीलबंद डबे जागेवर, ग्राहकासमोर फोडतो. रिकामे डबे काम संपेपर्यंत तिथेच ठेवतो, म्हणजे कोणालाही मोजता येतात. ओला थर मोजायची एक छोटी दातेरी पट्टी मिळते. ती रंगात उभी टेकवली की कोणत्या दातापर्यंत रंग लागला ते दिसतं. ती आमच्या प्रत्येक रंगाऱ्याच्या खिशात असते, आणि ग्राहकाने मागितली तर त्याच्या हातात द्यायची असते.

रात्री चमक हवी असेल तर काचेचे मणी लागतात. गाडीचा उजेड मण्यात शिरतो, खालच्या रंगावर आपटतो आणि परत चालकाकडेच येतो. त्यासाठी मणी साधारण निम्मा रंगात रुतलेला हवा. पूर्ण बुडाला तर चमकत नाही, वरवर राहिला तर निखळतो. एका लिटर रंगाला सुमारे ७०० ग्रॅम मणी लागतात आणि ते ओल्या रंगावर ताबडतोब पडावे लागतात. कर्बचं तोंड उभं असल्याने हाताने टाकलेले मणी घरंगळून खाली जातात, म्हणून तिथे ते दाबाने मारावे लागतात. माथ्यावर पाय पडतात. ओला झालेला गुळगुळीत रंग निसरडा होतो, म्हणून तिथे बारीक खडबडीत दाणा मिसळलेला रंग द्यायचा. अंधांसाठी बसवलेल्या उंचवट्यांच्या फरशा, सर्व्हेच्या खुणा आणि गटारांची तोंडं यांच्यावर रंग जाऊ द्यायचा नाही.

माणसं मिळवणं हा आमच्या प्रवासातला सर्वांत अवघड भाग होता. सरळ रेघ मारणारे हात पुष्कळ मिळतात. मास्किंग टेप नीट लावायला आठवड्यात शिकवता येतं. पण कोणी बघत नसताना कडेच्या तळाशी, जिथे रस्त्याची माती आणि पाणी जमतं, तिथे वाकून घासणारा माणूस शोधावा लागतो. रंग सर्वांत आधी तिथूनच सुटतो. आम्ही नव्या माणसाला रंग देतच नाही. त्याला एक कळकट कर्ब देतो आणि फक्त स्वच्छ करायला सांगतो. मग त्याच्यासमोर पाणी शिंपडतो. ज्या जागी पाणी उभं राहिलं तिथे सांगायच्या आधी ब्रश घेऊन परत बसणारा माणूस आम्ही ठेवतो.

मजुरी मीटरवर द्यायची की रोजावर, यावर आमच्यात बराच वाद झाला. मीटरवर दिली तर हिशेब सोपा, पण घासायचा वेळ हा माणसाला स्वतःच्या खिशातून जातो असं वाटतं. शेवटी रोजावर ठरलं. पावसाने काम थांबलं तरी त्या दिवसाची मजुरी मिळते, नाहीतर ओल्या कर्बवर रंग मारायचा मोह त्यालाच होणार. सोबत चकाकणारं जाकीट, रस्त्यावर ठेवायचे शंकू, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभा असलेला एक माणूस आणि विमा. रस्त्याच्या कडेला बसून काम करणाऱ्याची पाठ वाहतुकीकडे असते. त्याच्या जिवाची काळजी न घेणारा मालक कर्बची काळजी घेईल, यावर माझा विश्वास नाही.

आमच्याकडून काम करून घ्या किंवा दुसऱ्याकडून, माणूस पारखताना काही गोष्टी जरूर बघा. दारावर येऊन ‘आजच करा, उद्या भाव वाढेल’ म्हणणारे, किंवा सरकारी वाटेल असा कागद दाखवून घराचा क्रमांक कडेवर रंगवून पैसे मागणारे अनेक ठिकाणी फिरतात. कागदावर कोणत्या कार्यालयाचं नाव आहे ते वाचा, आणि तिथे स्वतः चौकशी केल्याशिवाय होकार देऊ नका. पूर्ण रक्कम आधी देऊ नका. साहित्यापुरता बयाणा मागणं रास्त आहे. कोटेशनमध्ये ‘कर्ब रंगवणे’ एवढंच लिहिलं असेल तर परत पाठवा. त्यात सफाई कशी, प्रायमर आहे का, कोणता रंग, किती हात, थर किती जाड, मणी आहेत का, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. आणि काल केलेलं काम बघायला जाऊ नका. ताजा रंग सगळ्यांचाच छान दिसतो. एक पावसाळा सोसलेलं काम दाखवायला सांगा, आणि तिथे तळाची कड बघा.

काम झाल्यावर रंग पूर्ण पक्का झाला की एक साधी तपासणी करता येते. कोपऱ्यात ब्लेडने फुली मारायची, तिच्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवायची आणि ओढायची. पट्टीला रंगाचे तुकडे आले तर पकड कच्ची आहे. आम्ही ही फुली स्वतः मारतो, ग्राहकाला ओढायला सांगतो आणि मग तेवढी जागा पुन्हा रंगवून देतो. उरलेली रक्कम त्यानंतरच घेतो.

हमी देताना आम्ही दोन गोष्टी वेगळ्या लिहितो. रंग कर्बपासून सुटला तर आमची जबाबदारी: घासून पुन्हा करून देऊ, मजुरी-साहित्य आमचं. टायर घासून झिजला किंवा मागच्या बागेचं पाणी कर्बमधून झिरपून खार फुटला, तर ते हमीत येत नाही. पण खार फुटण्यासारखी जागा आम्हाला आधीच दिसत असेल, तर पाण्याचा बंदोबस्त होईपर्यंत तेवढे मीटर आम्ही कोटेशनमधून वगळतो आणि कारण शेजारी लिहून देतो.