सात दिवसांचं शिबिर आणि उरलेलं वर्ष

जुलै, शेवटचा आठवडा

आण्णांचा फोन. "रुजू झालीस म्हंजे पर्मनंट काय?" नाही, एक वर्ष. "आणि मग?" मग बघू. बीएस्सी झालेली पोरगी पुण्याला कंपनीत जात नाही, एमपीएससीचा क्लास लावत नाही आणि ज्या कॉलेजातनं पास झाली तिथंच परत जाऊन बसते, हे त्यांच्या काही पचनी पडत नाही. भुदरगडात आमच्या गल्लीत तर मी नापास झाले असाच समज झाला असणार.

एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, काम केलेल्या दोघा माजी विद्यार्थ्यांना कॉलेजनं वर्षभर मानधनावर ठेवून घ्यायचं ठरवलंय. यंदा मी आणि बीकॉमचा एकजण. मानधनात राजारामपुरीतली खोली आणि मेस भागते, वर फारसं काही उरत नाही. ओळखपत्रावर 'समन्वयक' लिहिलंय. शिपायांनी मात्र पहिल्याच दिवशी आमचं बारसं केलं: 'सरांची माणसं'. सर म्हणजे एनएसएस बघणारे आमचे सर.

विद्यार्थिनी असताना एनएसएस म्हणजे तास भरणं होतं. वर्षाला १२०, दोन वर्षांत २४०, आणि मधे एक सात दिवसांचं निवासी शिबिर. वहीवर सही झाली की सुटलो. १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली तेव्हापासून अशा किती वह्या भरल्या असतील कोण जाणे. आम्ही खणलेला चर, रंगवलेली भिंत यांचं पुढं काय झालं हे बघायला परत गेल्याचं मला तरी आठवत नाही. शिबिर संपलं की टेम्पोत भांडी भरायची, गाणी म्हणत यायचं.

तशात पाऊस. कोल्हापुरात या दिवसांत जेवलास का विचारायच्या आधी किती फूट झालं ते विचारतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्यामुळं आता इशारा पातळी ओलांडली की चिखली-आंबेवाडीकडची माणसं कुणाची वाट बघत नाहीत, जनावरं सोडवून चालू लागतात.

मदतीचं म्हणाल तर पुरात कोल्हापूरला ती शिकवावी लागत नाही. भाकऱ्यांचे टेम्पो, तालमीची पोरं, गाड्यांना दोर बांधून ओढणारे, सगळे येतात. आमची तिथं गरजही नव्हती खरं तर. गरज लागली ती पाणी उतरल्यावर. निवारा केंद्रातनं घरी गेलेल्या एका बाईनं ट्रंक उघडली तर दोन्ही लेकरांचे दाखले, थोरलीचं दहावीचं गुणपत्रक, रेशन कार्ड, सगळ्याचा लगदा. धाकट्याची अकरावी, थोरलीची डिग्रीची अॅडमिशन. भाकरी देणारे तोवर आपापल्या घरी गेले होते, आणि ते बरोबरच आहे, त्यांना त्यांची कामं आहेत. शाळेतनं दुय्यम प्रत, बोर्डाकडं अर्ज, तलाठ्याकडं चक्कर, हे करायला ज्याच्याकडं वेळ आहे असा माणूस लागतो. आमच्याकडं वेळच वेळ.

ऑगस्ट

सरांनी अमेरिकेचं सांगितलं. तिथं १९६५ पासून 'व्हिस्टा' म्हणून योजना आहे, १९९३ पासून ती 'अमेरिकोर'चा भाग झाली. शिक्षण संपवलेली बरीच मुलं वर्षभर त्यात जातात, काहीजण कॉलेज-विद्यापीठांतच बसून आसपासच्या वस्त्यांसाठी काम उभं करतात. भत्ता मुद्दाम गरिबीरेषेच्या आसपास ठेवलेला, म्हणजे ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्यासारखंच राहायचं. (एवढं आमच्या कॉलेजनं न वाचताच अंमलात आणलंय.) पण नियम असा की त्यांनी स्वतः शिकवत बसायचं नाही, धान्य वाटायचं नाही. संस्थेची घडी बसवायची, माणसं जोडायची, पैसे उभे करायचे, आपण गेल्यावरही काम चालेल असं करून ठेवायचं.

मी म्हटलं, सर, हे तिकडं ठीक आहे. इथं व्हरांड्यात सकाळपासून कागदं घेऊन उभ्या असलेल्या काकूंना सांगितलं की मी थेट सेवा करत नाही, घडी बसवते, तर त्या चप्पल काढतील. सर हसले. "बघ की वर्षभर," एवढंच बोलले.

व्हरांडा म्हणजे लायब्ररीबाहेरचा. तिथं आमचं टेबल आहे, शिष्यवृत्तीचं. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाईटवरचा फॉर्म. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं तर. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या पात्र मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, त्यामुळं चौकशीला येणाऱ्या मुली वाढल्यात. योजना चांगल्याच आहेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण योजना आणि मुलगी यांच्यामधे उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, गॅप सर्टिफिकेट, बापाच्या आधारवरचं वेगळं स्पेलिंग आणि रात्री अकरानंतरच नीट चालणारी वेबसाईट एवढं सगळं उभं आहे.

सगळ्यात फसवी गोष्ट बँक खात्याची. पन्हाळ्याकडची एक मुलगी आली. अर्ज मंजूर, पैसे जमा असं दिसतंय, आणि पासबुकात काहीच नाही. तिनं फॉर्म भरताना पासबुक दिलं होतं म्हणून पैसे त्याच खात्यात येणार असं तिला वाटत होतं, आम्हालाही आधी तसंच वाटायचं. तसं नसतं. पैसे आधारला शेवटचं जे खातं जोडलेलं असेल तिकडं जातात. तिनं कधीतरी मोबाईलच्या दुकानात सिमकार्ड घेताना अंगठा दिला होता, त्यात एक खातं उघडून आधारला जोडलं गेलं होतं. तिला ते माहीतच नव्हतं. पैसे बुडाले नव्हते, त्या खात्यात निवांत पडले होते. ते काढणं, मग गावच्या बँकेत आधार परत जोडून घेणं, त्यासाठी तिच्या आईनं शेतातली रोजंदारी बुडवून दोनदा येणं. बँकेतला माणूस म्हणाला, सोमवारी या. सोमवारी म्हणाला, साहेब रजेवर आहेत.

आता टेबलावर कुणीही आलं की फॉर्मच्या आधी आम्ही एकच विचारतो: आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बघितलंस काय? मोबाईलवर तिथंच तपासायचं. पाच मिनिटांचं काम.

२४ सप्टेंबर

एनएसएस दिन. बॅजवरच्या कोणार्कच्या चाकाचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर, हे पाहुण्यांनी याही वर्षी सांगितलं. चहा बरा होता.

ऑक्टोबर

दसरा चौकातनं चालत आले. शाहू महाराजांच्या पुतळ्याभोवती त्या जुन्या बोर्डिंगच्या इमारती आहेत, मी पाच वर्षं तिथनं येतेजाते, पण आज थांबून बघितल्या. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क, मधे आणि पुढं जैन, लिंगायत आणि किती तरी. महाराजांचं नाव आपण आरक्षणासाठी घेतो, १९०२ चा तो ५० टक्क्यांचा आदेश सगळ्यांना माहीत असतो. पण खेड्यातलं पोर शहरात शिकायला आलं तर रात्री झोपणार कुठं, जेवणार काय, याचा विचार त्यांनी त्याच्याही आधी केला होता. नुसतं शिका म्हणून सांगितलं नाही. जागा दिली, उत्पन्न लावून दिलं, बघायला माणूस नेमला. शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ टिकलं ते त्यामुळं. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी म्हणून याच कोल्हापुरात होते आणि पुढं १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 'कमवा आणि शिका' तिथनंच आलं, आमच्या विद्यापीठातही आहे.

सरांचं घडी बसवणं म्हणजे बहुतेक हेच. मराठीत सांगितलं असतं तर ऑगस्टमध्येच कळलं असतं!

जानेवारी

शिबिराचं गाव. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी सर्वेक्षण, रात्री व्याख्यान आणि पोरांचं पथनाट्य. स्वयंपाकाच्या गटानं पहिल्या दिवशी आमटीत इतकं तिखट घातलं की सांगलीकडची दोन पोरं रडायच्या बेतात आली. कोल्हापूरकरांनी वर तांबडा रस्सा असताच तर बरं झालं असतं म्हणून आणखी जीव खाल्ला.

श्रमदानाला सांडपाणी जिरवायचे शोषखड्डे काढायचे होते. उद्घाटन झालं, नारळ फुटला, फोटो झाले. मग गावातले एक आजोबा मला बाजूला घेऊन गेले. "बाळ, हिकडं बघ." मंदिरामागं ओळीनं खड्डे, गाळानं गच्च भरलेले, वर घाणेरी उगवलेली. "मागं एका कॉलेजनं काढल्यात. तुमीबी काढा. जागा हाय अजून." ते रागानं बोलत नव्हते. पोरं येतात, गावात चार दिवस बरं वाटतं, असा त्यांचा सूर होता. म्हणूनच मला जास्त लागलं.

सरांशी बोलून नवीन खड्डे निम्मे केले आणि उरलेल्या दिवसांत जुने उपसले. पोरांना ते आवडलं नाही. नवीन खड्ड्याचा फोटो चांगला येतो, जुन्यातला गाळ उपसतानाचा कोण टाकतो? दोन-तीन जण तर उघड म्हणाले, आधीच्यांची घाण आम्ही का काढायची. त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, फावडं होतं.

फेब्रुवारीत प्रथम वर्षाच्या दोघींना घेऊन मी परत त्या गावात गेले. काही खड्ड्यांच्या तोंडाला जाळी बसवली होती, बचत गटातल्या बायकांनी. काही ठिकाणी परत तेच. ग्रामसेवकांच्या वहीत नाव-नंबर लिहून आलो, पावसाच्या आधी एकदा उपसायचे म्हणून. जूनमध्ये कुणी फोन केला तर होईल.

मार्चमधला रविवार

आज उल्लासची परीक्षा झाली. नवभारत साक्षरता, १५ वर्षांपुढच्या न शिकलेल्यांसाठी. वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, एकूण १५० गुण. आमच्या पोरींनी हिवाळाभर वस्तीत संध्याकाळी वर्ग घेतला होता. आक्का, वय साठीच्या पुढचं, पहिल्या आठवड्यातच पुस्तक मिटून म्हणाल्या, "परीक्षेचं ऱ्हाऊ दे. डेअरीच्या चिठ्ठीवर फॅट कुठं लिवल्यात ते दाव."

तिथनं गणिताचा वर्गच फिरला. दुधाची चिठ्ठी: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम. दहा दिवसांचं बिल. सगळ्या बायका आपापल्या चिठ्ठ्या घेऊन येऊ लागल्या. बेरीज, गुणाकार, दशांश, सगळं त्या चिठ्ठीत आहे. साडेतीन आणि तीन पूर्णांक पाच दशांश एकच, हे कळलं त्या दिवशी आक्कांनी मुलाला दर विचारून हैराण केलं म्हणे. आता मागच्या बिलांचा हिशेब मागतात. घरात थोडं वाजलंय, पण त्यात आम्ही पडत नाही.

आज पेपर लिहून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सोपा हुता. फॅटचं कायबी न्हवतं."

हा वर्ग मी घेतलेला नाही, हे इथं लिहून ठेवते. चिठ्ठीची युक्ती द्वितीय वर्षाच्या मुलीची. मी फक्त खोलीची किल्ली, बल्ब आणि दर आठवड्याला कोण येणार ते बघत होते.

एप्रिल, शेवटी

रजिस्टर लिहितेय. कुठला दाखला कुठं मिळतो, कुठल्या बँकेत कुणाला भेटायचं, वस्तीतल्या खोलीची किल्ली कुणाकडं, गावातल्या खड्ड्यांचं काय, पुरात कागदं भिजलेल्या घरांची यादी, त्यांतल्या कुणाचं काय मिळालं आणि काय अजून अडलंय. बीकॉमवाला म्हणतो, एवढं कोण वाचणार. त्याला पुण्यात नोकरी लागली, मेमध्ये जातोय. चांगलं झालं.

एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. टेबलावरचं निम्मं काम हे सेवा नाही, रिकाम्या जागेचं काम आहे. जिथं दोन कारकून हवेत तिथं एक आहे, आणि तोही तीन खात्यांचं बघतो. त्या जागी दरवर्षी नवीन पदवीधर मानधनावर बसवून त्याला समाजकार्य म्हणायचं, हे मला पटत नाही. सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, लिहून दे. व्यवस्थापनाला पत्र लिहून दिलं: कारकुनाची जागा भरा, आणि वर्षभराच्या पोरांना तिथनं उठवून वस्तीत, गावात पाठवा. आमच्यासारख्यांचं खरं काम तिकडं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

आण्णांना बी.एड.च्या सीईटीचं सांगितलं, ते खूश. सरांनी जूनच्या टेबलासाठी त्या दोघींची नावं घेतलीत, फेब्रुवारीत गावाला आलेल्या. उद्या साडेदहाला त्यांना आधारचं खातं कसं तपासायचं आणि परत आलेल्या अर्जातली त्रुटी कुठं दिसते ते दाखवायचंय. नेट चाललं तर.