ओम्नीच्या सीटखालची गळती

चिपळूणमध्ये गॅरेज चालवणाऱ्याला 22 जुलै 2021 चा महापूर विसरता येत नाही, कारण त्या दिवशी पाण्यात गेलेल्या गाड्या आजही आमच्याकडे येत असतात. ऑइल बदलून, वायरिंग सुकवून, सीट धुऊन गाडी रस्त्यावर येते. पण स्टडच्या, म्हणजे इंजिनात रुतवलेल्या बिनडोक्याच्या बोल्टच्या आट्यांत शिरलेला गाळ आणि गंज आपले काम सावकाश करत राहतो. गेल्या पावसाळ्यात आलेली मारुती ओम्नी अशाच गाड्यांपैकी एक होती.

मालक भाजीचे व्यापारी. पहाटे कुंभार्ली घाट चढून कराडच्या बाजारात जायचे आणि माल भरून परतायचे. शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा त्यांच्या पत्नी असत. सकाळी इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटे टिकटिक आवाज येतो आणि ॲव्हरेज घसरले आहे, एवढीच त्यांची तक्रार होती. आधीच्या गॅरेजमध्ये टॅपेट (इंजिनच्या झडपा उघडणारे भाग) सेट करून झाले होते आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सरही नवा बसवलेला होता. मी गाडी पाहत असताना काकू सहज म्हणाल्या, "घाटात आमचं दोघांचं डोकं फार दुखतं, मला मळमळतंही. पण ते पावसाळ्यातच, उन्हाळ्यात काही नाही." काका म्हणाले, "अगं, ते झोप न झाल्यामुळे." मला मात्र काकूंचे वाक्य त्या दिवशीच्या सगळ्या मोजमापांपेक्षा मोलाचे वाटले, कारण पावसाळ्यात काचा बंद असतात, आणि ओम्नीचे इंजिन पुढे नसून पुढच्या सीटच्या खाली असते.

थंड इंजिनावर मोठा येणारा आणि धातू तापून फुगला की दबणारा आवाज टॅपेटचाही वाटू शकतो. पण मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाची गळती तशीच बोलते. स्कॅनरवर लाँग टर्म फ्यूएल ट्रिम, म्हणजे संगणक नेहमीपेक्षा किती जादा पेट्रोल देतो तो आकडा, बराच वर चढलेला होता. सेन्सर निर्दोष होता. धुराच्या दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, फटीतून ताजी हवा आत ओढली जाते, सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो आणि संगणक इमानेइतबारे पेट्रोल वाढवत राहतो. पेट्रोल वाढले की कार्बन मोनॉक्साइड हा डोके दुखवणारा विषारी वायूही वाढतो. स्कॅनरने ज्या भागाचे नाव दाखवले तोच भाग बदलून मोकळे होण्याची जी सवय आमच्या धंद्यात लागली आहे, तिने ग्राहकांचे फार पैसे घालवले आहेत.

सायलेन्सरच्या टोकातून गळती शोधायच्या स्मोक मशीनचा धूर सोडला, काचा बंद ठेवल्या आणि नवराबायकोंना बाहेरून पाहायला सांगितले. थोड्याच वेळात ड्रायव्हरच्या सीटच्या कडेने पांढरा धूर वर येऊ लागला. इंजिनच्या झाकणाचे रबर पुरानंतर कडक होऊन तुटले होते आणि त्याचे तुकडे हाताला लागत होते. काका काही बोलले नाहीत.

सीट उचलून हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) काढली तेव्हा मॅनिफोल्डचे सगळे नट जागेवर दिसले. कडेच्या नटाभोवती काळी काजळी पसरलेली होती, म्हणून त्यावर पाना लावला, तर नट हातात आला. त्यामागे स्टडच नव्हता. स्टड हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या पातळीला तुटलेला होता आणि नट पुट्टीने मॅनिफोल्डच्या फ्लँजवर, म्हणजे हेडला टेकणाऱ्या पट्टीवर, नुसता चिकटवलेला होता.

कडेचे स्टड तुटण्याला कारण आहे. हेड ॲल्युमिनियमचे आणि मॅनिफोल्ड बिडाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, आणि ही ओढाताण सर्वांत जास्त कडेच्या स्टडवर येते. त्यात गंजाने तो आधीच बारीक झालेला. बाकीच्या नटांना रात्रभर गंज सोडवणारे तेल दिले आणि सकाळी गॅसने तापवून, आधी किंचित आवळून मग सोडवले. तुटलेल्या स्टडवर ड्रिल चालवायची घाई मी करू दिली नाही. पोलाद कठीण आणि ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे ड्रिल बाजूला सरकते आणि हेडचेच आटे जातात. बॅटरी आणि संगणकाची जोडणी काढून स्टडच्या टोकावर मिग वेल्डिंग मशीनने थेंब थेंब वेल्डिंग चढवले व त्यावर नवा नट जोडला. वेल्डिंग पोलादाला धरते, ॲल्युमिनियमला नाही. नटाची लाली उतरल्यावर त्याच्या बुडाशी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत ओढले गेले. मग पाना पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. करकर करत स्टड आला, आणि त्याच्या आट्यांत वाशिष्ठी नदीच्या पुराचा तांबूस गाळ अजून होता.

मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवली तर 0.40 मिलीमीटरचे फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) खालून सहज जात होते, जिथे 0.10 सुद्धा पुष्कळ झाले. लेथवाल्याकडून फेसिंग करून पृष्ठभाग सपाट करून घेतला, सगळे स्टड नवे घातले, पॅकिंग कोरडेच बसवले आणि नट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळले. झाकणाचे रबरही बदलले. पुन्हा धूर सोडला, तो कुठूनही आला नाही.

गाडीच्या काचेवर मुदतीतले पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र) होते. ती तपासणी सायलेन्सरच्या टोकाशी होते. धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच, माणसांच्या मांडीखाली सुटणारा वायू तिला दिसतच नाही. जुन्या व्हॅनसाठी तरी सीटखालची तपासणी सक्तीची असावी, असे माझे ठाम मत आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वास असतो तो सोबतच्या इतर वायूंचा, आणि जुन्या गाडीच्या मालकाला त्याची सवय झालेली असते.

पावसाळा सरण्याआधी काकू पुन्हा आल्या तेव्हा काचा बंद असूनही डोके दुखत नसल्याचे त्यांनी सांगितले. मी डॉक्टर नाही आणि रक्ताची तपासणी झाली नव्हती, म्हणून याहून जास्त काही म्हणत नाही. डोक्यातून जात नाही तो नट. स्टड तुटणे कोणाच्याही हातून होते, काढता आला नाही तर तसे ग्राहकाला सांगता येते. पण ज्याने तो नट चिकटवला, त्याला आधी तीच सीट उचलावी लागली असणार, आणि तिच्यावर कोण बसते हे त्याला माहीत होते.