तुम्ही विचारलंत म्हणून: ४ डिसेंबरला नेमकं काय झालं होतं?

नेव्ही डे ४ डिसेंबरलाच का, हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. २०२३ ला तो सोहळा मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्यापाशी झाला तेव्हापासून त्याला एक पुरवणी जोडली गेलीये, की या तारखेचा महाराजांच्या आरमाराशी काही संबंध आहे का. नाहीये. तारीख १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धातली आहे, आपल्या नौदलाने कराचीवर केलेल्या हल्ल्याची. पण एवढं सांगून गप्प बसलं तर अर्धंच उत्तर होतं, कारण त्या एका दिवसात इतक्या ठिकाणी इतकं काही चालू होतं आणि एका ठिकाणच्या माणसाला दुसरीकडचं काहीच माहीत नव्हतं.

३ तारखेला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर वगैरे विमानतळांवर बॉम्ब टाकले, इंदिराबाई तेव्हा कलकत्त्यात होत्या, त्या दिल्लीला परतल्या आणि मध्यरात्री रेडिओवर बोलल्या. साधारण त्याच सुमारास विशाखापट्टणमच्या बाहेर समुद्रात एक मोठा स्फोट झाला. ती पाकिस्तानची गाझी पाणबुडी होती, आपल्या विक्रांत या विमानवाहू जहाजाला शोधायला आलेली. विक्रांत होती अंदमानकडे, आणि ती विशाखापट्टणमलाच आहे असं वाटावं म्हणून आपल्या लोकांनी खोटे वायरलेस मेसेज सोडले होते, बाजारात भाजीपाल्याच्या मोठमोठ्या ऑर्डरी दिल्या होत्या. गाझी आपल्या राजपूत या युद्धनौकेमुळे बुडाली की आतल्याच स्फोटाने, यावर अजून भांडणं चालू आहेत. इकडे आगरतळ्याजवळ गंगासागरला त्याच सुमारास लान्स नायक अल्बर्ट एक्का शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले आणि तिथेच शहीद झाले. परमवीर चक्र मिळालं. आणि सकाळी विक्रांतवरून उडालेल्या सी-हॉक विमानांनी पूर्व पाकिस्तानातल्या (आताच्या बांगलादेशातल्या) कॉक्स बझारवर हल्ला केला.

आता कराची. निपात, निर्घात आणि वीर या तीन मिसाईल बोटी, रशियाकडून घेतलेल्या, मुळात स्वतःचा किनारा सांभाळायला बनवलेल्या, त्यामुळे फार लांब जायचा जीवच नाही त्यांच्यात. म्हणून सौराष्ट्राकडे जाताना दुसऱ्या जहाजांनी त्यांना ओढत नेलं, तेवढंच इंधन वाचलं. कमांडर बब्रू भान यादव प्रमुख होते. ४ तारखेच्या रात्री पावणेअकराच्या सुमारास निर्घातने पाकिस्तानच्या खैबर या विनाशिकेवर पहिलं मिसाईल सोडलं. खैबरवरच्या लोकांना आकाशात एक उजेड येताना दिसला, त्यांना वाटलं विमान आहे, त्यांनी विमानविरोधी तोफा चालवल्या. मिसाईल येऊन आदळल्यावर त्यांनी मुख्यालयाला कळवलं तेही असंच, की शत्रूच्या विमानाने हल्ला केलाय. त्यात भर म्हणजे जागाही चुकीची कळवली, त्यामुळे मदत वेळेत पोचलीच नाही. मला या सगळ्या दिवसातली सगळ्यात भयंकर गोष्ट हीच वाटते, की ती माणसं कशाने बुडतायत हेही त्यांना कळलं नव्हतं. मुहाफिझ नावाचं सुरुंग काढणारं जहाजही बुडालं, आपल्या तिन्ही बोटी सुखरूप परत आल्या. कराची बंदरातल्या केमारीच्या तेलाच्या टाक्या मात्र नेव्हीने पेटवल्या की सकाळी जामनगरहून गेलेल्या हंटर विमानांनी, हे विचारायचं असेल तर नेव्हीवाला आणि एअरफोर्सवाला एका टेबलावर नसताना विचारा.

आणि गंमत बघा, हे कराचीला चालू असताना त्याच रात्री राजस्थान सीमेवर लोंगेवालाला मेजर कुलदीपसिंग चांदपुरींची कंपनी अंधारात रणगाड्यांचा आवाज ऐकत बसली होती. मदत मागितली तर जैसलमेरची हंटर विमानं रात्री उडू शकत नव्हती, उजाडेपर्यंत थांबा. उजाडल्यावर काय झालं ते तुम्ही ‘बॉर्डर’ सिनेमात पाहिलेलंच आहे, मी परत सांगत नाही. न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेत अमेरिकेचा युद्धबंदीचा ठराव रशियाने व्हेटो केला, तोही याच तारखेच्या बैठकीत.

आमच्या आईच्या पिढीला मुंबईतून यातलं दिसलं काय, तर खिडक्यांना चिकटवलेले ब्राउन पेपर आणि अर्धे काळे केलेले गाड्यांचे दिवे. बाकी सगळं नंतर रेडिओवर आणि पेपरात, तेही तुकड्यातुकड्याने.

त्या तुकड्यांत हातातून गेलेली जागा राहून जाऊ नये म्हणून मी उत्तर देताना हुसैनीवाला घालतोच, कुणी विचारलेलं नसलं तरी. सतलजच्या काठावर फिरोजपूरजवळ भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांची समाधी आहे, ती जागा १९६१ मध्ये पाकिस्तानला दुसरी गावं देऊन आपण परत मिळवली होती. ३ तारखेच्या संध्याकाळी तिथे जोरदार हल्ला झाला, आपल्या १५ पंजाब या पलटणीचे लोक लढले, पण एका दिवसात तो भाग हातातून गेला. जम्मूकडच्या छांबलाही पुढच्या काही दिवसांत मागे हटावं लागलं. हे सांगितलं की समोरचे जरा नाराज होतात, त्यांना जिंकलेलंच ऐकायचं असतं. समाधीची नासधूस झाली होती, जागा परत आल्यावर १९७३ मध्ये स्मारक पुन्हा उभं केलं. राजगुरू आपल्या खेडचे, तेव्हा निदान पुण्याकडच्या लोकांनी तरी नाराज होऊ नये असं मला वाटतं.