एअर सस्पेन्शन, एक एरर कोड आणि वाया गेलेले पाच आठवडे : माझा अनुभव

गाडी घेऊन दीड वर्ष होत आलं. इंजिन आणि गिअरबॉक्सबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. पण वर्कशॉपच्या काउंटरवर ऐकलेलं ‘मॅडम, कॉम्प्रेसरच गेलाय, कोड तसंच सांगतोय’ हे वाक्य आठवलं की अजून डोकं तापतं. सेकंडहँड लक्झरी एसयूव्ही घेणाऱ्या कुणाचा तरी हा मनस्ताप वाचावा म्हणून लिहिते आहे.

खरेदी सरळ झाली. आठ वर्षं जुनी, एकाच मालकाने वापरलेली, सहा सिलिंडरची डिझेल, फोर व्हील ड्राइव्ह, १,१०,००० किलोमीटर झालेले. आणि एअर सस्पेन्शन, म्हणजे गाडी हवेवर तोलणारी, उंची कमीजास्त करणारी व्यवस्था. ते मला मुद्दाम हवं होतं. बाबांचे दोन्ही गुडघे गेलेत. बटण दाबलं की ही गाडी खाली येते, बाबा दाराला धरून अलगद बसतात, मग ती वर उठते. पहिल्यांदा बसले तेव्हा बाबा म्हणाले, “हिला कळतं गं.” मी तिथेच ठरवून टाकलं.

सातव्या महिन्यात एका सकाळी बघते तर पुढची डावी बाजू बसलेली. टायरचा वरचा भाग मडगार्डच्या आत गेलेला. गाडी सुरू केली, मागून कॉम्प्रेसरची, म्हणजे हवा भरणाऱ्या पंपाची, घरघर आली आणि मिनिटभरात ती सरळ झाली. दोन आठवडे रोज हेच चाललं. उठते आहे ना, मग चालू दे, असं मी म्हणत राहिले. ही माझी चूक. ही घरघर नेहमीपेक्षा लांबायला लागली की त्याच आठवड्यात गाडी दाखवा. मी दाखवली नाही आणि एक दिवस डॅशबोर्डवर लाल सूचना आली. गाडी खालीच राहिली.

वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, कोड निघाला : कॉम्प्रेसरचं तापमान जास्त, दाब भरायला वेळ लागतोय. निदान झालं, कॉम्प्रेसर बदला. मी विचारलं, “अहो, कॉम्प्रेसर चारही चाकांना एकच आहे ना? मग पुढची डावीकडचीच बाजू का बसते?” सर्व्हिस अॅडव्हायझर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, “आधी हे करू, मग बघू.” मी जॉबकार्डवर, म्हणजे करायच्या कामाच्या कागदावर, सही केली.

इथे जरा थांबून सांगते, कारण हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. या सस्पेन्शनमध्ये लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवेने भरलेले रबरी फुगे असतात. मेकॅनिक लोक त्यांना बलून म्हणतात. बलूनचं रबर खालच्या बाजूला दुमडलेलं असतं आणि गाडी वरखाली होताना ती घडी सतत सरकत राहते. वर्षानुवर्षं एकाच उंचीवर जास्त वेळ राहिल्याने ठरावीक जागी रबर थकतं, बारीक चिरा पडतात. हवा हळूहळू जाते. ती भरून काढायला कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालतो. मुळात तो थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो, म्हणून तापतो, आणि जळू नये म्हणून कंट्रोल युनिट त्याला बंद करतं. कोड कॉम्प्रेसरचा येतो, कारण त्रास त्याला होतोय. दुखणं बलूनमध्ये असतं.

कॉम्प्रेसरचा पार्ट यायला अकरा दिवस लागले. बसवला. तीन दिवस गाडी छान उभी राहिली, मी घरी सगळ्यांना सांगूनही टाकलं. चौथ्या सकाळी तीच डावी बाजू खाली. पुन्हा वर्कशॉप. आता व्हॉल्व्ह ब्लॉक, म्हणजे कुठल्या चाकाला किती हवा द्यायची ते ठरवणारा भाग. पुन्हा ऑर्डर, पुन्हा नऊ दिवस. रोज फोन करायचा आणि रोज ‘उद्या कळवतो’ ऐकायचं. व्हॉल्व्ह ब्लॉक बसवून गाडी दिली, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. या सगळ्या काळात अॅडव्हायझर एकदाही काउंटर सोडून गाडीपाशी आले नाहीत, खाली वाकून कुणी त्या बलूनकडे पाहिलं नाही. आमच्या गाडीत बाबांना बसवताना दोघांनी आधार द्यावा लागत होता. डावीकडे कलंडलेल्या गाडीत चढायला त्यांना भीती वाटायची.

शेवटी मीच मोजायची टेप घेतली. रात्री सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंची उंची कागदावर लिहिली. सकाळी पुन्हा मोजली. तीन चाकांना दोन-तीन मिलिमीटरचा फरक, पुढच्या डावीकडे चाळीस. तो कागद घेऊन मी एका स्वतंत्र मेकॅनिककडे गेले. कागद पाहून त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला जो मी तीन आठवडे विचारत होते, “ताई, एकच कोपरा बसतो का?”

गाडी नेहमीच्या उंचीवर ठेवून त्यांनी स्टिअरिंग पूर्ण वळवलं, बलूनवरचं रबरी कव्हर खाली सरकवलं आणि साबणाचं पाणी फवारलं. काही नाही. मग घडीच्या अगदी कडेला फवारलं आणि हात थांबवला. एका केसासारख्या रेषेतून बारीक फेस यायला लागला, मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक. मी गुडघ्यावर बसून बघत होते. पाच आठवडे आणि दोन महागडे पार्ट, आणि उत्तर साबणाच्या पाण्याने मिळालं. मला रडू आलं, हे मी लपवत नाही.

पुढचे दोन्ही बलून बदलले, कारण दुसऱ्याचं वयही तेच होतं. सोबत कॉम्प्रेसरचा रिले, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा स्विच, बदलायला लावला. हा छोटासा, स्वस्त पार्ट, पण तो चिकटला तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. नव्या कॉम्प्रेसरचा ड्रायरही तपासून घेतला. हवेतला ओलावा शोषायला त्यात दाणे असतात, ते भिजून निकामी झाले की पाणी व्हॉल्व्हपर्यंत जातं. जुना बलून, उंचीचा कागद आणि जॉबकार्ड घेऊन मी पहिल्या वर्कशॉपमध्ये गेले. व्हॉल्व्ह ब्लॉकची मजुरी परत मिळाली, कॉम्प्रेसरची नाही. तेवढ्यासाठीही दोनदा लेखी तक्रार द्यावी लागली. म्हणून सांगते, जुने पार्ट परत मागायचे, जॉबकार्डवर तसं लिहून घ्यायचं. आणि पार्ट बदलण्याआधी ‘गळती शोधली का, कुठे सापडली’ हे विचारायचं. उत्तर नसेल तर सही करायची नाही.

चारही कोपरे एकदम बसत असतील तर मात्र व्हॉल्व्ह ब्लॉक किंवा त्याच्या आसपासचे जोड बघायला हरकत नाही. गाडी जॅकवर चढवायची असेल तर आधी सस्पेन्शनचा जॅक मोड चालू करा, नाहीतर ती स्वतःची उंची सावरायला जाते आणि बलूनला इजा होते.

बाकी गाडी भक्कम आहे, आणि हे मी मनापासून म्हणते. सहा सिलिंडरचं इंजिन लांबच्या रस्त्यावर दमत नाही. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाला आठ गिअरचा आहे, गिअर कधी पडला ते कळत नाही. फक्त ‘लाइफटाइम ऑइल’, म्हणजे कधी बदलावंच लागत नाही, या शब्दावर विसंबू नका. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. मी गाडी घेतल्याबरोबर बदललं.

फोर व्हील ड्राइव्हला चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत, नाहीतर ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागावर, सतत ताण येतो. टायरवरचा चार आकडी कोड वाचा : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पायाखालचं कार्पेट हाताने दाबून बघा. सनरूफच्या बारीक नळ्या तुंबल्या की पाणी तिथे उतरतं आणि खालच्या वायरिंगचं नुकसान होतं. एकदम पाच-सहा सूचना पेटल्या तर आधी बॅटरी तपासा, आणि नवी बसवली की बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने तिची नोंद करावी लागते. डिझेल घेऊन रोज फक्त दोन-तीन किलोमीटर चालवणार असाल तर घेऊ नका, धुराचा फिल्टर तुंबतो, तो साफ व्हायला इंजिन तापून सलग चालावं लागतं. कूलंटच्या प्लॅस्टिकच्या नळ्या आणि थर्मोस्टॅटचं आवरण या वयात तडकतं, कूलंटच्या टाकीतली पातळी दर आठवड्याला बघा.

एक राहिलंच. गाडी बघायला जाल तेव्हा ती रात्रभर एकाच जागी उभी असायला हवी, आणि मालकाने सुरू करण्याआधी तुम्ही पोचायला हवं. बॉनेटवर हात ठेवा, थंड आहे ना बघा, आणि मग टेप काढून चारही चाकं मोजा.